न्यूयॉर्क ते मुंबई : परतीच्या प्रवासातील व्हीलचेअर सेवा

मत आधीच सांगून टाकतो : न्यूयॉर्कला उत्तम, मुंबईला चांगली आणि मधल्या विमानतळावर अगदीच सुमार. न्यू जर्सीत बहिणीकडे झालेला दीर्घ मुक्काम आटोपून आईला घेऊन मी नुकताच पुण्याला परतलो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती घरात काठीशिवाय वावरते, पण विमानतळावरची अंतरे तिला झेपत नाहीत, म्हणून तिकिटासोबतच व्हीलचेअरची नोंद केली होती.

अमेरिकेत 1986 च्या कायद्यामुळे ही मदत विनामूल्य देण्याची जबाबदारी विमान कंपनीवरच असते. केनेडी विमानतळावर सामान दिल्यापासून विमानाच्या दारापर्यंत एकच मदतनीस आमच्यासोबत होता. सुरक्षा तपासणीत आईला उभे राहण्याची सक्ती झाली नाही. तळहातांवरून कापडी पट्टी फिरवून तिची तपासणी बसल्या जागीच आटोपली. शिवाय अमेरिका सोडताना पासपोर्टवर शिक्का मारणारी वेगळी खिडकी नसल्याने एक रांग आपोआपच वाचते. मदतनिसाला बक्षिसी देणे बंधनकारक नाही, पण तशी रीत आहे. थोडे सुटे डॉलर खिशात ठेवलेले बरे.

आखातातील विमानतळावर मात्र चित्र पालटले. विमान टर्मिनलपासून दूर उभे राहिले, तेथून उचलगाडीने सर्वांना खाली आणण्यात आले आणि मग एका दालनात खुर्च्यांच्या रांगा लावून आमचे बोर्डिंग पास गोळा करून नेण्यात आले. रेशनच्या दुकानात पिशव्या नंबराला लावाव्यात, तशी ती माणसे ओळीत मांडलेली होती. शेजारच्या खुर्चीतील आजींना प्रसाधनगृहात जायचे होते. त्यांनी दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा ‘पाच मिनिटे’ असे उत्तर मिळाले आणि तेवढ्यात कर्मचाऱ्यांची पाळी बदलली. नव्याने आलेल्यांना आधीचे काहीच ठाऊक नव्हते. आईने मला हळूच विचारले, “अरे, मी चालत गेले तर चालेल का?” पण बोर्डिंग पासच हाती नसल्यामुळे तिला तेथून हलता येईना. खुर्च्या भरपूर होत्या. एका प्रवाशाची जबाबदारी शेवटपर्यंत एकाच माणसाकडे असावी, ही साधी व्यवस्था तेवढी नव्हती.

मुंबईकडे येणाऱ्या विमानांत धडधाकट माणसेही व्हीलचेअर मागतात आणि उतरल्यावर झपाझप चालू लागतात, अशी कुजबुज नेहमी ऐकू येते. तीत तथ्य नाही असे नाही. पण एकट्याने परतणाऱ्या, इंग्रजीची धास्ती असलेल्या आजी-आजोबांना चाकांपेक्षा सोबतीची गरज असते, आणि खुर्ची मागितल्याशिवाय सोबत मिळत नाही हे मुलांना माहीत असते. केवळ सोबत करण्यासाठीही विमान व्यवसायात ‘मास’ असा स्वतंत्र संकेत आहे. त्याची माहिती मात्र तिकीट काढताना सहसा कोणी देत नाही. याचा भार अखेर खऱ्या गरजूंवर पडतो. फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबईतच खुर्च्या कमी पडल्यामुळे पायी निघालेले 80 वर्षांचे एक प्रवासी कोसळून दगावले होते, हे विसरता येत नाही.

आमच्या वेळी मुंबईत खुर्च्या विमानाच्या दाराशी तयार होत्या. पारपत्र तपासणी लवकर उरकली आणि मदतनीस सामानाच्या पट्ट्यापाशीही थांबला. अडचण एवढीच, की तो खुर्ची ढकलणार, मग प्रत्येकी 23 किलोंच्या चार बॅगांची ट्रॉली कोणी ढकलायची? एकटा सोबती असेल तर पैसे देऊन हमाल घ्यावा; मी घेतला आणि त्याचे वाईट वाटले नाही.

नोंदणी करताना ‘व्हीलचेअर हवी’ एवढेच सांगून थांबू नये. जिने चढता येत असतील तर ‘आर’, जिने चढता येत नसतील पण थोडे चालता येत असेल तर ‘एस’, आणि अजिबात चालता येत नसेल तर ‘सी’, असे तीन प्रकार आहेत. यांपैकी कोणता लिहिला गेला ते विचारून घ्यावे. भारतीय नियमांनुसार ही मागणी किमान 48 तास आधी कळवायची असते. वाटेतला थांबा तीन तासांहून कमी घेऊ नये. औषधे, पाण्याची बाटली आणि पासपोर्ट खुर्चीत बसणाऱ्याच्याच पिशवीत ठेवावेत आणि बोर्डिंग पासचे छायाचित्र आधीच काढून ठेवावे.