आईचं रुपे कार्ड आणि दुसऱ्या बँकेचं एटीएम, आमचा अनुभव

आईचं खातं ठाण्यातल्या एका छोट्या सहकारी बँकेत आहे. बँकेची स्वतःची एटीएम मोजून दोनचार, त्यामुळे तिचं रुपे कार्ड आम्ही बहुतेक वेळा दुसऱ्याच बँकेच्या मशीनमध्ये घालतो आणि इतक्या वर्षांत ते कुठेच अडलेलं नाही, गावी गेलो तरी चालतं. या कार्डाबद्दल मला खरंच आपुलकी आहे.

फक्त एकदा गडबड झाली ती सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जांभळी नाक्याला झेंडू घ्यायला निघालेलो, नौपाड्यात एका एटीएममध्ये शिरलो, 5000 चा आकडा टाकला, आतून नोटा मोजल्याचा खर्रर्र आवाज आला आणि शटर काही उघडेना. तेवढ्यात आईच्या मोबाईलवर मेसेज, 5000 डेबिट! आईचा चेहरा एवढासा झाला. वॉचमन म्हणाला, ज्या बँकेचं मशीन त्यांच्याकडे जा. तसं करू नका, तक्रार कायम आपल्या बँकेत, ज्यांनी कार्ड दिलंय तिथेच करायची. कारण मशीनवाली बँक आणि आपली बँक एकमेकींशी बोलतात त्या मधल्या एनएफएस नावाच्या, सगळ्या बँकांची एटीएम एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्कमधून (2004 ला सुरू झालं, 2009 पासून एनपीसीआय म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया चालवते, रुपे पण त्यांचंच, 2012 चं), आणि पैसे परत फिरतात ते पण त्याच वाटेने. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे, व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत पैसे खात्यात परत आले पाहिजेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये बँकेने द्यायचे, वेगळे मागावे लागत नाहीत. आमचे चौथ्या दिवशी आले. मेसेज डिलीट करू नका, त्यात तारीख, वेळ सगळं असतं.

दुसऱ्या बँकेच्या मशीनवर मेट्रो शहरात महिन्याला 3 वेळा फुकट, त्यानंतर 1 मे 2025 पासून प्रत्येक वेळी 23 रुपयांपर्यंत चार्ज अधिक टॅक्स. बॅलन्स बघितला तरी तो एक व्यवहार धरतात! आई आधी बॅलन्स बघायची मग पैसे काढायची, म्हणजे एका फेरीत दोन गेले.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं जनधन खातं, त्यांचं रुपे कार्ड डब्यात पडून होतं. 28 ऑगस्ट 2018 नंतर उघडलेल्या खात्याच्या कार्डावर 2 लाखांचा अपघात विमा असतो, पण अपघाताच्या आधीच्या 90 दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं लागतं. हे बँकेत त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, याचा मला फार राग आला. आता दर महिन्याला एकदा 100-200 का होईना काढायला लावतो त्यांना.

या एनएफएस नेटवर्कला माझ्याकडून पूर्ण मार्क, तक्रार आहे ती मशीनांची. कधी बंद, कधी कॅश नाही, आणि असली तरी बरेचदा नुसत्या 500 च्या नोटा. सकाळी सकाळी भाजीवालीला 500 ची नोट दिली की ती बिचारी सुट्टे शोधत शेजारच्या चार गाड्यांवर फिरते.