आयफोन १६ नवा असताना आयफोन १७ घ्यावा का?

२०२५च्या जुलैत मी आयफोन १६ हप्त्यांवर घेतला. आधीचा फोन सहा वर्षे वापरून झाला होता, त्याची बॅटरी दुपारीच मान टाकत असे आणि घरातल्या जुन्या, मोडी लिपीतल्या कागदांची छायाचित्रे काढण्याचे काम त्याच्यावर निभत नव्हते. नव्या फोनवर मी समाधानी होतो. मग ९ सप्टेंबर २०२५ रोजी आयफोन १७ जाहीर झाला, १९ सप्टेंबरपासून तो दुकानांत मिळू लागला, आणि त्याची किंमत वाचून मला मनापासून वाईट वाटले. १२८ जीबीच्या आयफोन १६साठी मी ७९,९०० रुपये मोजले होते. आयफोन १७ मात्र ८२,९०० रुपयांत मिळत होता आणि तोही २५६ जीबीचा. तेवढ्याच साठवणक्षमतेच्या आयफोन १६ची छापील किंमत जुलैत ८९,९०० रुपये होती. शिवाय नवा फोन येताच माझ्याच फोनची किंमत ६९,९०० रुपयांवर उतरली. दोन महिने थांबलो असतो तर, हा विचार पुढे कित्येक दिवस मनातून गेला नाही.

तथापि आज नव्याने फोन घेणाऱ्यापुढचा प्रश्न वेगळा आणि हातात तीन महिन्यांचा फोन असलेल्यापुढचा वेगळा. पहिल्याला दोन किमतींची तुलना करायची असते. दुसऱ्याने आपला फोन दिला तर किती येतील आणि वर किती घालावे लागतील, हे पाहायचे असते. मी जवळच्या दोन दुकानांत चौकशी केली. खोका, बिल आणि केबल सगळे जपून ठेवलेले असूनही दोन्हीकडे मी दिलेल्या रकमेच्या निम्म्याहून थोडीच अधिक रक्कम सांगण्यात आली. म्हणजे वर सुमारे चाळीस हजार रुपये घालायचे, आणि जो फोन आपल्याकडे राहिलेला नाही त्याचे उरलेले हप्तेही भरत राहायचे. तेव्हा आयफोन १७ चांगला आहे का, यापेक्षा माझ्या कामासाठी तो आयफोन १६पेक्षा चाळीस हजारांनी चांगला आहे का, हे पाहणे मला आवश्यक वाटले.

ते पाहण्याची संधी दिवाळीत मिळाली. माझ्या भाच्याने नवा फोन घेतला होता. सुटीत तो आमच्याकडे राहायला आला आणि आठ दिवस आम्ही फोन अदलाबदल करून वापरले.

सर्वांत आधी मी कागदच काढले. आमच्याकडे मोडी कागदांचे तीन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत: जमाखर्च, काही खते (व्यवहारांचे दस्तऐवज), काही घरगुती पत्रे. मोडीत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवलेले नसते, आणि लिहिणाऱ्याचा हात घाईचा असेल तर अक्षर कोठे संपले हे बोरूच्या, म्हणजे लेखणीच्या, दाबावरूनच ओळखावे लागते. त्यामुळे छायाचित्र नुसते स्वच्छ असून भागत नाही. ते पडद्यावर बरेच मोठे करून पाहिले तरी रेषेची कड फाटता कामा नये. या बाबतीत दोन्ही फोनच्या मुख्य कॅमेऱ्यांत मला काडीचाही फरक दिसला नाही. दोन्ही ४८ मेगापिक्सेलचे आहेत, आणि सेटिंगमध्ये पूर्ण ४८ मेगापिक्सेलचा पर्याय निवडला की एका छायाचित्रात ८०६४ गुणिले ६०४८ बिंदू मिळतात. ए-फोर आकाराचा कागद चौकटीत भरून बसवला तर इंचाला सहाशेहून अधिक बिंदू पडतात, आणि वाचनासाठी ते पुरेसे आहेत. अशा एका छायाचित्राला साधारण पाच एमबी जागा लागते, म्हणजे हजार पानांना पाच जीबी. १२८ जीबी आपल्याला अपुरे पडतील ही जी भीती मला सप्टेंबरात वाटू लागली होती, ती या साध्या गुणाकाराने गेली. छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवण्याचा वेगही सारखाच आहे, कारण दोन्ही फोनांचे यूएसबी-सी पोर्ट यूएसबी २ याच वेगाचे आहे. या किमतीच्या फोनला तो वेग कमी आहे, आणि आयफोन १७मध्ये तरी तो वाढायला हवा होता असे मला ठामपणे वाटते.

फरक दिसला तो अतिजवळून घेतलेल्या छायाचित्रांत. हे काम मुख्य कॅमेऱ्याशेजारचा, रुंद दृश्य टिपणारा अल्ट्रावाइड कॅमेरा करतो. आयफोन १६मध्ये तो १२ मेगापिक्सेलचा आहे, आयफोन १७मध्ये ४८ मेगापिक्सेलचा, आणि दोन्ही दोन सेंटिमीटरवरून चित्र घेऊ शकतात. एका खतावरचा पुसट झालेला शिक्का मी दोन्हींनी टिपला. नव्या फोनच्या चित्रात कागदाचे तंतू सुटे दिसत होते आणि शाई कोठे मुरली, कोठे वरच राहिली हेही कळत होते. माझ्या फोनच्या चित्रात तोच भाग थोडा सारवल्यासारखा दिसला. कागदाचा किंवा शाईचा अभ्यास करणाऱ्याला हा फरक मोलाचा ठरेल. मला मात्र शिक्क्यातली अक्षरे दोन्ही चित्रांत सारखीच लागली, आणि जी लागली नाहीत ती दोन्हींत लागली नाहीत. मागच्या बाजूची शाई पुढे उतरलेल्या पानांचे तर दोन्ही कॅमेऱ्यांपुढे काही चालले नाही. तेथे उपयोगी पडला तो कागदाखाली घातलेला काळा कागद आणि खिडकीतून एका बाजूने येणारा सकाळचा उजेड.

पडद्याबाबत मात्र मला नव्या फोनची बाजू निःसंकोच घ्यावी लागेल. आयफोन १६चा पडदा ६.१ इंचाचा आहे आणि त्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. आयफोन १७चा पडदा ६.३ इंचाचा असून तेथे हाच आकडा १२०पर्यंत जातो. मोठा मजकूर वर सरकवताना आयफोन १७वर अक्षरे सरकत असतानाही वाचता येतात, आणि दोन-दोन तास पडद्यावर पाने वाचणाऱ्याच्या डोळ्यांना हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. याच्या पाव किमतीचे इतर कंपन्यांचे फोन जी सोय कित्येक वर्षे देत आले आहेत, ती २०२४ साली आलेल्या ७९,९०० रुपयांच्या फोनमध्ये नसावी हे अयोग्यच होते. उन्हातली कमाल उजळता २००० निट्सवरून ३००० निट्सवर गेली आहे आणि काचेवर परावर्तन कमी करणारा थरही आहे. गच्चीवर दुपारी दोन्ही फोन शेजारी धरले तेव्हा हे स्पष्ट दिसले. माझा फोन परत हातात आल्यावर दोन-तीन दिवस अक्षरे अडखळत सरकतात असे वाटले. चौथ्या दिवशी ते लक्षातही आले नाही.

समोरचा कॅमेरा भाच्याला फार आवडतो, आणि त्याचे कारण भाऊबीजेला कळले. फोन उभाच धरूनही आडवे चित्र येते, आणि माणसे वाढली की चौकट आपोआप रुंद होते. ओवाळून झाल्यावर आम्ही अकराजण एकाच चित्रात आलो. बॅटरीच्या बाबतीत सलग व्हिडिओ पाहण्याचा कंपनीचा आकडा २२ तासांवरून ३० तासांवर गेला आहे, पण माझा फोन आजही रात्री झोपेपर्यंत पुरतो, तेव्हा वाढलेले तास मला वापरता आले नाहीत.

फोन जुना पडण्याची धास्तीही मला आता उरलेली नाही. १५ सप्टेंबरला आलेली आयओएस २६ ही प्रणाली २०१९ सालच्या आयफोन ११लाही मिळाली आहे. माझ्या फोनमध्ये नव्या फोनइतकीच, म्हणजे ८ जीबी रॅम आहे आणि ॲपल इंटेलिजन्सच्या, म्हणजे कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, सोयी दोन्हीकडे आहेत. बॅटरी हजार वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही तिची ८० टक्के क्षमता टिकावी अशी तिची रचना असल्याचे कंपनी सांगते. रोज एकदा चार्ज केला तरी त्याला पावणेतीन वर्षे लागतील, आणि पुढे बॅटरी बदलून घेणे नव्या फोनच्या मानाने पुष्कळच स्वस्त पडते.

म्हणून मी फोन बदलला नाही. ज्यांचा फोन माझ्यासारखाच वर्षाच्या आतला आहे, त्यांना मी बदलू नका असेच सांगेन. यातून मी दोघांना वगळतो: ज्यांचे काम समोरच्या कॅमेऱ्यावर चालते, म्हणजे शिकवणी घेणारे किंवा स्वतःचे व्हिडिओ करणारे, आणि ज्यांना दिवसभर उन्हात पडदा पाहावा लागतो. आयफोन ११, १२ किंवा १३ वापरणाऱ्यांनी मात्र सप्टेंबर २०२५मध्ये ६९,९०० रुपयांवर उतरलेल्या आयफोन १६कडे वळू नये. त्या वेळच्या किमतींनुसार १३,००० रुपये अधिक घालून दुप्पट साठवणक्षमता आणि तो पडदा मिळत असेल तर ते घालावेत.

निघताना भाचा म्हणाला, "मामा, राहू द्या की अजून दोन दिवस, मला काही घाई नाही." मी फोन त्याच्या हातात दिला आणि त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन फोन कागदावर सरळ, स्थिर धरणारा एक स्टँड आणि छायाचित्रांसाठी एक बाहेरची डिस्क घेतली. स्टँडमुळे हात हलण्याचा प्रश्न मिटला आणि पहिल्या रुमालातली जी साठ-सत्तर चित्रे बाद ठरली होती, ती दोन बैठकांत पुन्हा काढून झाली. आता दुसरा रुमाल सोडला आहे.