पऱ्हाटीची चूल की गोबरगॅस?

एप्रिल २०२५ मध्ये १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरवर एकदम ५० रुपये वाढले. उज्ज्वलावाल्यांनाही सोडलं नाही. मजुरीवर चालणाऱ्या घराला हे झेपत नाही, म्हणून आमच्याकडच्या बायका सिलिंडर पुरवून पुरवून वापरतात.

सोपी वाट पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांची. कापूस वेचून झाला की सरपण वावरात उभंच असतं. आंघोळीचं पाणी, भाकरी चुलीवर. गॅस फक्त चहापुरता. पण पऱ्हाटी भुरकन जळते, सारखी आत सारावी लागते, आणि धूर सगळा रांधणारीच्या छातीत जातो. शिवाय घरामागं रचलेल्या गंजीत गुलाबी बोंडअळीचे कोष तग धरतात. पुढच्या हंगामात तीच अळी कपाशीवर. २०१७ मध्ये तिनं विदर्भातल्या कपाशीचं कसं नुकसान केलं, ते आपण भोगलंय.

गोबरगॅसला सुरुवातीचा खर्च आहे. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरं हवीत. जवळपास तेवढंच पाणीही लागतं, आणि मे महिन्यात ते आणायचं कुठून? थंडीत गॅसही कमी बनतो. पण धूर नाही, आणि बाहेर पडणारी मळी वावराला उत्तम खत.

जनावरं आणि विहिरीला पाणी असेल, तर मी गोबरगॅसच सांगेन. नसेल तर चूल, पण अंगणात, मोकळ्या हवेत. पऱ्हाटीची गंजी मात्र पावसाळ्याआधी संपवाच.