बारावीनंतर ठाणे-नवी मुंबईकरांसमोर: दारातलं कॉलेज की फोर्टमधलं नवं विद्यापीठ?

बारावीचा निकाल लागला की कळवा असो, कोपरखैरणे असो की कामोठे, घरात पहिला वाद होतो तो "जवळचं बघू" आणि "टाउनला जाऊ दे" यांच्यात. पूर्वी हा वाद फक्त कॉलेजच्या नावाचा असायचा. ठाण्याचं कॉलेज घ्या नाहीतर चर्चगेटचं, पदवी मुंबई विद्यापीठाचीच मिळायची. १८५७ चं हे विद्यापीठ आजही मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांचा भार वाहतं. २०१९ मध्ये मात्र विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज या चार सरकारी संस्थांचं मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं. पाठोपाठ के. सी., एच. आर. आणि बॉम्बे टीचर्स ट्रेनिंग कॉलेज यांचं एचएसएनसी विद्यापीठ आलं. ही समूह विद्यापीठं आहेत. दोन्ही राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली येतात, त्यांना खासगी विद्यापीठांच्या रांगेत बसवू नका.

म्हणजे कला, वाणिज्य, विज्ञान शाखेच्या मुलापुढे आता तीन वाटा आहेत. एक, मुंबई विद्यापीठाशी साधं संलग्न असलेलं जवळचं कॉलेज. दोन, जवळचंच पण स्वायत्त कॉलेज: ठाण्यात बांदोडकर किंवा जोशी-बेडेकर, वाशीत कर्मवीर भाऊराव पाटील, नवीन पनवेलला चांगू काना ठाकूर. तीन, फोर्ट-चर्चगेट भागातलं नवं समूह विद्यापीठ. आमचं मत आधीच सांगतो: बहुतेकांसाठी दुसरी वाट सर्वांत फायद्याची आहे. तिसरी वाट उत्तम आहे, पण ठरावीक मुलांसाठी.

पेपर कोण काढतो, पदवी कोण देतो

सगळा फरक याच प्रश्नात आहे. साध्या संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम विद्यापीठाचा असतो. पहिल्या चार सत्रांच्या परीक्षा विद्यापीठाच्या वतीनं कॉलेज घेतं, पाचव्या आणि सहाव्या सत्राच्या विद्यापीठ स्वतः घेतं. म्हणजे दोन वर्षं ओळखीच्या शिक्षकांनी काढलेले पेपर आणि शेवटच्या वर्षी एकदम अनोळखी पेपर, अनोळखी परीक्षक. दुसऱ्या वर्षापर्यंत सत्तर टक्क्यांवर असलेली मुलं पाचव्या सत्रात घसरतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. यावर उपाय एकच: दुसऱ्या वर्षापासून विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवायच्या.

स्वायत्त कॉलेजात अभ्यासमंडळ कॉलेजचं, पेपर कॉलेजचा, तपासणी आणि गुणपत्रिकाही कॉलेजची. पदवी मात्र मुंबई विद्यापीठ देतं आणि तिच्यावर कॉलेजचं नाव असतं. जुन्या विद्यापीठाची ओळख आणि छोट्या घराचा कारभार, दोन्ही एकत्र मिळतात.

समूह विद्यापीठात अभ्यासक्रमापासून पदवीपर्यंत सगळं त्याचंच. इथे सिडनहॅमच्या नावावर जाणाऱ्यांनी जरा थांबावं. आईबाबांच्या वेळी सिडनहॅमची पदवी म्हणजे मुंबई विद्यापीठाची पदवी. आज प्रवेश घेणाऱ्याच्या हातात होमी भाभा विद्यापीठाची पदवी येणार. ती तितकीच वैध आहे. अडचण येते ती नोकरीच्या ऑनलाइन अर्जात. विद्यापीठ निवडायच्या यादीत नवं नाव सापडत नाही, मुलगा घाईत "मुंबई विद्यापीठ" निवडतो, आणि कागदपत्रं तपासताना अर्जातलं नाव व पदवीवरचं नाव जुळत नाही. अशा वेळी "इतर" निवडून पूर्ण नाव टाइप करावं, पदवीवर जसं छापलंय तसंच.

निकालाचा वेग

कायदा सांगतो, परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत निकाल लागला पाहिजे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, लाखो उत्तरपत्रिकांचं काम अडलं, निकाल काही महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पद गमवावं लागलं. त्या वर्षी बाहेर पदव्युत्तर प्रवेश घ्यायला निघालेल्या मुलांचे हाल झाले. नऊशेच्या वर कॉलेजं सांभाळणाऱ्या यंत्रणेत एक खिळा निसटला की सगळ्यांनाच झळ बसते. चार संस्थांच्या विद्यापीठात तो धोका कमी असतो, आणि शिकवणारा शिक्षकच अभ्यासमंडळावर असण्याची शक्यता जास्त.

पण लहान म्हणजे आपोआप वेगवान, असंही धरू नका. नव्या विद्यापीठात नियम अजून बसत असतात: एटीकेटी (नापास विषय मागे ठेवून पुढे जाण्याची सवलत) किती विषयांपर्यंत चालते, श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसता येतं का, फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकनाला किती दिवस मिळतात. कोणत्याही कॉलेजात जा, परीक्षा विभागात मागच्या दोन सत्रांच्या शेवटच्या पेपरची तारीख आणि निकालाची तारीख विचारा आणि दिवस मोजा. माहितीपुस्तकाच्या वीस पानांपेक्षा या चार तारखा जास्त सांगून जातात.

लोकलचा हिशेब क्रेडिटमध्ये

हा मुद्दा लोक भावनेवर सोडतात, म्हणून आकड्यांत मांडतो. ठाण्याहून सीएसएमटी ३४ किलोमीटर, जलद लोकलनं पाऊण ते एक तास. वाशीहून हार्बरनं पन्नास मिनिटांच्या आसपास, पनवेलहून सव्वा तासाच्या वर, कारण हार्बरला जलद गाडी नाही. त्यात घोडबंदर रोडवरून ठाणे स्टेशन गाठायचा वेळ आणि सीएसएमटीहून काळा घोडा किंवा चर्चगेटपर्यंतची चाल धरा. घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत दोन तास सहज जातात. येऊन-जाऊन चार.

एका सत्रात ९० अध्यापन दिवस. ९० गुणिले ४ म्हणजे ३६० तास. आता दुसरी बाजू: एक क्रेडिट म्हणजे १५ तास व्याख्यान, आणि सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. २२ क्रेडिटचे होतात ३३० तास. म्हणजे घोडबंदरचा विद्यार्थी एका सत्रात जितका वेळ वर्गात बसतो, त्याहून जास्त वेळ प्रवासात घालवतो. प्रात्यक्षिकाचं क्रेडिट ३० तासांचं असल्यानं विज्ञानाच्या मुलाचा दिवस आणखी लांबतो. दुपारचं प्रात्यक्षिक संपवून तो सीएसएमटीला पोचतो तेव्हा ऑफिसं सुटलेली असतात, आणि डोंबिवली-कल्याणच्या गर्दीत उभा राहून आलेला मुलगा रात्री जर्नल लिहायला बसत नाही.

म्हणून प्रवेशाआधी एका कामाच्या दिवशी, पहिल्या तासाच्या वेळेला, मुलानं एकट्यानं तो प्रवास करून पाहावा. रविवारी नको. पावसाळ्यात रूळ पाण्याखाली जातात त्या दिवसांची हजेरी कशी धरतात, तेही विचारावं, कारण ७५ टक्के हजेरीची अट आहे. पास सवलतीचा मिळतो, पण राहत्या स्टेशनापासून कॉलेजच्या जवळच्या स्टेशनापर्यंतचाच. क्लास तिसऱ्याच ठिकाणी असेल तर त्याचं तिकीट वेगळं.

चौथं वर्ष आणि शिक्षक

नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची आणि चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ क्रेडिटची. चार वर्षं केली तर पुढची पदव्युत्तर पदवी एका वर्षात होते. पण तुमच्या मुख्य विषयाचं चौथं वर्ष त्या कॉलेजात चालतं का? प्रवेशाच्या वेळी हे फार थोडे पालक विचारतात. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि मार्गदर्शक लागतो. लहान संलग्न कॉलेजात विषयाला एकच पूर्णवेळ शिक्षक असेल, तर चौथ्या वर्षी कॉलेज बदलावं लागेल. क्रेडिट बँकेत, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, तुमची क्रेडिट्स जमा असतात हे खरं, पण नवं कॉलेज ती आपल्या मुख्य विषयाशी जुळवून पाहतं, आणि जुळलं नाही तर पेपर पुन्हा द्यायला लावू शकतं.

इथे फोर्टची बाजू भक्कम होते. विज्ञान संस्थेत पदव्युत्तर आणि पीएचडीचं काम वर्षानुवर्षं चालत आलंय. भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांपैकी एखादा विषय धरून एमएस्सी आणि पुढे संशोधनापर्यंत जायचं पक्कं असेल, तर चार तासांचा प्रवास वसूल होतो. दोन गोष्टी मात्र तपासा. या सरकारी संस्था आहेत, प्राध्यापकांची बदली होऊ शकते. रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासागणिक मानधन घेणारे, शिक्षक येतात. ते शिकवतात मन लावून, पण पुढच्या वर्षी असतीलच असं नाही. तेव्हा विभागप्रमुखांना सरळ विचारा: या विषयात नियमित शिक्षक किती, तासिका तत्त्वावर किती?

बीकॉम करता करता सीएचा अभ्यास करणाऱ्या मुलाचं गणित उलटं आहे. त्याला पहाटेचा क्लास, मधे कॉलेज आणि संध्याकाळी चार सलग तास हवे असतात. त्यानं घराजवळचं स्वायत्त कॉलेज घ्यावं, मोठ्या नावाचा मोह ठेवू नये.

फी

सरकारी आणि अनुदानित तुकड्यांची फी कमी, स्वयंअर्थसहाय्यित (विनाअनुदानित) अभ्यासक्रमांची कितीतरी जास्त. एकाच कॉलेजात बीकॉम अनुदानित आणि अकाउंटिंग-फायनान्सचं बीकॉम विनाअनुदानित असतं. म्हणून कॉलेज "स्वस्त की महाग" असं न विचारता तुकडी कोणती ते विचारा. बीएमएस, बीबीए, बीसीएला २०२४-२५ पासून सीईटी लागते. तेच विषय बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) नावाखाली असतील तर लागत नाही. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हाताशी ठेवा, आणि नव्या विद्यापीठात नवा अभ्यासक्रम घेत असाल तर तो महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या यादीत दिसतो का, ते पैसे भरण्याआधी पाहा. यादीत नाव नसेल तर अर्जच भरता येत नाही.

इंजिनिअरिंगवाल्यांसाठी थोडं वेगळं

कॅप फेरीत, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत, रायगडच्या माणगाव तालुक्यातलं लोणेरे दिसतं. १९८९ च्या कायद्यानं झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ तिथे आहे, पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गानं सुमारे शंभर किलोमीटर, कोकण रेल्वेचं गोरेगाव रोड स्टेशन जवळ. रोज ये-जा होणार नाही, वसतिगृह धरूनच विचार करायचा. गल्लत दोन ठिकाणी होते. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे वेगळं. आणि लोणेरेचा स्वतःचा परिसर वेगळा, त्या विद्यापीठाशी संलग्न झालेली राज्यभरातली खासगी कॉलेजं वेगळी. पसंतीक्रम भरताना विद्यापीठाच्या नावावर न जाता कॉलेजचा कोड जुळवून पाहा.

मुंबई विद्यापीठाचं बाळकूमचं ठाणे उपकेंद्र जवळ आहे, पण नेहमीच्या बीए-बीएस्सीसाठी नाही. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमासाठी त्याचा विचार करा, त्याला विधी सीईटी लागते.

जागा आधी धरा, मग हलवा

फोर्टची यादी लागेपर्यंत जवळची जागा सोडू नका. दोन्हीकडे अर्ज करा. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी विद्यापीठाची ऑनलाइन प्रवेशपूर्व नोंदणी आधी करावी लागते, ती राहिली तर कॉलेजचा अर्ज पुढे जात नाही. समूह विद्यापीठाची प्रवेशप्रक्रिया स्वतंत्र आहे, मुंबई विद्यापीठाची नोंदणी तिथे चालत नाही. जवळच्या कॉलेजात पैसे भरून नंतर प्रवेश रद्द करायची वेळ आली तर लेखी अर्ज द्या आणि पोचवर तारखेचा शिक्का घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेत परताव्याचे टप्पे आहेत: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केला तर पूर्ण फी, फार तर प्रक्रिया शुल्क वजा. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के. तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० आणि ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजात देण्याआधी त्याच्या साक्षांकित प्रतींचे चार संच काढून घरी ठेवा. दुसऱ्या कॉलेजात पडताळणीला मोजकेच दिवस असतात, आणि मूळ दाखला परत मिळेपर्यंत हेच संच दाखवावे लागतात.