फरशीखालचा चुना गेला कुठे? जमीन ‘पक्की’ करून देण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

आमच्या गोदामाची फरशी पहिल्याच पावसाळ्यात मधोमध वर आली. शटर नीट बसेना आणि फरशीवर उभारलेल्या आडभिंतीला तिरकी भेग गेली. खांब जागचे हलले नाहीत, कारण त्यांचे पाये खोलवर गेलेले. बिघडलं ते नेमकं फरशीखालचं. म्हणजे ज्या तीस सेंटिमीटर जाडीच्या मातीत पाच टक्के कळीचा (पाण्यात न विरवलेला) चुना मिसळून, दाबून दिल्याचं बिल, रिपोर्ट आणि हमीपत्र आमच्या फाइलला लावलेलं आहे, तीच माती.

काम करणाऱ्यांचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून सुरू आहे. तसंही नाव बदलून हाच प्रकार कुठेही होऊ शकतो, म्हणून पद्धत सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: चुन्याने माती सुधारते, यात खोटं काही नाही. काळ्या, चिकट, फुगणाऱ्या मातीसाठी हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. चुना मिसळल्यावर काही तासांतच मातीचे कण एकमेकांना धरून गोळा होतात, चिकटपणा उतरतो, माती भुसभुशीत होते. त्यानंतर हळूहळू, आठवडे-महिने, चुना आणि मातीतले सिलिका-ॲल्युमिना मिळून सिमेंटसारखी संयुगं तयार होतात आणि खरी ताकद येते. पण त्यासाठी चुना जिवंत, म्हणजे हवा लागून निकामी न झालेला, हवा, पुरेसा हवा, पूर्ण खोलीपर्यंत मिसळलेला हवा. आणि मातीत चिकणमाती हवी. नुसत्या रेताड जमिनीत चुना घालून उपयोग नाही, तिथे सिमेंट लागतं. काम घेणाऱ्या कंपनीकडून आलेल्या गृहस्थांनी मात्र माती हातात न घेताच औषध सांगितलं होतं. “साहेब, मातीचं काम म्हणजे विश्वासाचं काम,” हे त्यांचं आवडतं वाक्य.

आता हिशेब बघा, कारण सगळी चोरी हिशेबातच उघडी पडते. एक चौरस मीटर जागा, तीस सेंटिमीटर खोली. दाबलेल्या मातीची शुष्क घनता (पाणी वगळून भरणारं वजन) घनमीटरला १६०० किलो धरली, तर त्या चौकोनात ४८० किलो कोरडी माती येते. तिच्या पाच टक्के म्हणजे २४ किलो चुना. सोप्या भाषेत, दर चौरस मीटरला २५ किलोचं जवळजवळ एक अख्खं पोतं. आमची फरशी ४०० चौरस मीटरची. म्हणजे साडेनऊ टनांहून जास्त चुना, चारशेच्या आसपास पोती. प्रत्यक्षात साइटवर जो माल आला तो एका छोट्या टेम्पोत मावला होता. पोती फोडून फावड्याने जी भुरभुर चालली होती तिने जमीन पांढरी दिसत होती एवढंच. पांढरा रंग फसवा असतो. किलोभर पूडही मोठी जागा पांढरी करते.

मिसळणीचंही तेच. ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर वरवर फिरला, लगेच पाणी मारलं आणि त्याच दुपारी दबाई सुरू. इतक्या चिकट मातीत पहिल्या मिसळणीनंतर एक-दोन दिवस माती ओलसर ठेवून मुरू द्यायची असते, मग पुन्हा मिसळून ढेकळं बारीक करायची आणि मगच रोलर. दबाईला आणलं होतं प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे सपाट पत्र्याने थरथरत माती दाबणारं छोटं यंत्र. ते यंत्र वाईट नाही, पण चिकणमातीच्या तीस सेंटिमीटर थराला त्याचा दाब तळापर्यंत पोचत नाही. तिथे शीपफूट रोलर, म्हणजे ड्रमवर दट्टे असलेला रोलर, लागतो. विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “रिपोर्ट येईल ना, त्यात सगळं कळेल.”

रिपोर्ट आला. रंगीत आलेख, गोल शिक्का, ऐटदार सही. त्यात लिहिलं होतं: चुना मिसळल्यावर शुष्क घनता १.८२ (लिटरला किलो), ओलावा २२ टक्के. फरशी उचलली गेल्यावर हा कागद एका ओळखीच्या मृदा अभियंत्याला दाखवला. ते हसलेच. म्हणाले, अशी माती पृथ्वीवर असू शकत नाही. मग पेन्सिलीने कडेला गणित मांडून दाखवलं. एक किलो कोरड्या मातीचे कण, विशिष्ट गुरुत्व २.७ (म्हणजे पाण्याच्या २.७ पट जड) धरलं तर, ०.३७ लिटर जागा घेतात. २२ टक्के ओलावा म्हणजे ०.२२ लिटर पाणी. दोन्ही मिळून ०.५९ लिटर. आत हवेचा एक बुडबुडाही उरला नाही असं मानलं तरी घनता १.६९ च्या वर जाऊच शकत नाही. रिपोर्टवाल्याने हवेच्याही पुढे जाऊन पाणी दाबलं होतं म्हणायचं. शिवाय चुना घातला की कमाल शुष्क घनता सहसा थोडी उतरते आणि लागणारा ओलावा वाढतो. आमच्या कागदावर मूळ मातीपेक्षा घनता भरघोस वाढलेली. दुसऱ्या पानावर ‘२८ दिवसांची ताकद’ होती, आणि नमुना बनवल्याची तारीख व रिपोर्टची तारीख यांच्यात तीन आठवडेही नव्हते.

किती ओलाव्याला माती सर्वात घट्ट दाबली जाते हे ठरवणारी प्रॉक्टर चाचणी १९३३ पासून वापरात आहे. घनता आणि ओलाव्याचा आलेख मातीकामातल्या कुणालाही नवा नाही. असा आकडा चुकून येत नाही. तो घरी बसून लिहिला जातो.

मग फरशीचा एक चौकोन कापून काढला आणि खड्डा घेतला. प्लास्टिकच्या कागदाखाली चार बोटं जाडीचा फिकट थर, त्यात पांढरे पट्टे, आणि त्याखाली मूळची काळीभोर माती, नखाने दाबली तर चमकणारी. खड्ड्याच्या ताज्या कापलेल्या भिंतीवर फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण फवारलं. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तेच. जिथे जिवंत चुना असतो तिथे माती गडद गुलाबी होते, आणि तो गुलाबी पट्टा पट्टीने मोजला की किती खोलीपर्यंत काम झालं ते कळतं. आमच्या भिंतीवर वरच्या थरात इथे-तिथे काही ठिपके उमटले. खाली काहीच नाही.

राहिली होती एक न फोडलेली गोणी, गोदामाच्या मागे पडलेली. बिलात शब्द होता ‘कळीचा चुना’. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो तापतो, फसफसतो, भांड्याला हात लावता येत नाही. (कुणी करून पाहणार असेल तर चष्मा आणि हातमोजे घाला, थोडाच घ्या, तोंड जवळ नेऊ नका.) आम्ही स्टीलच्या पातेल्यात ती पूड घेऊन पाणी ओतलं. पातेलं थंडच राहिलं. त्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन टाकलं तर जेमतेम फिकट गुलाबी छटा. चुन्याच्या निवळीत तो रंग डोळ्यात भरतो, कारण तिचा सामू साधारण १२.४ असतो. आणि आम्लाचे थेंब टाकताच पूड जोरात फेसाळली. म्हणजे चुनखडीच्या दगडाची पूड, नाहीतर हवा खाऊन मेलेला जुना चुना. दोन्ही रासायनिकदृष्ट्या एकच, आणि मातीसाठी दोन्ही निरुपयोगी.

कंपनीचं उत्तर काय आलं असेल? “तुमच्या माणसांनी पाणी जास्त मारलं.” नंतर, “मातीत सल्फेट होतं, त्याची जबाबदारी आमची नाही.” ही दुसरी सबब लक्षात ठेवा, कारण ती अर्धी खरी आहे. सल्फेट, म्हणजे गंधकयुक्त क्षार, जास्त असलेल्या मातीत चुना घातला तर एट्रिंगाइट नावाचं स्फटिक तयार होतं आणि जमीन उलट फुगते. अमेरिकेत लास वेगासमधल्या स्टुअर्ट ॲव्हेन्यू या रस्त्यावर असंच झालं होतं आणि मृदा अभियंते जेम्स मिचेल यांनी १९८६ मध्ये त्यावर लिहिल्यापासून हा धोका सर्वज्ञात आहे. म्हणूनच सल्फेटची चाचणी चुना घालण्याआधी करायची असते. चाचणी न करता काम घेणाऱ्याने नंतर सल्फेटचं नाव घेणं म्हणजे कांगावा आहे. आणि आमच्या खड्ड्यात चुनाच नव्हता, तर तो सल्फेटशी भांडला कधी?

हे सगळं चालू असताना आणखी एक विक्रेता दारात आला. त्याच्याकडे एका कॅनमधलं एन्झाइमचं द्रावण, पाण्यात मिसळून फवारायचं, माती ‘दगड’ होते म्हणे. अशी द्रावणं सगळीच बोगस नसतात, पण त्यांचे निकाल माती-मातीप्रमाणे फार बदलतात. त्याला एवढंच म्हटलं, आमच्याच मातीचे दोन संच करू, एकात तुमचं द्रावण, एकात नुसतं पाणी, आणि तिसऱ्याच प्रयोगशाळेत दाबून, भिजवून बघू. तो पुन्हा फिरकला नाही.

आणखी एक गोष्ट मोठमोठ्या हमीपत्रांत लपवलेली असते. वरच्या तीस सेंटिमीटरचं प्रामाणिक काम रस्त्याला, अंगणाला, फरशीला आधार देतं. पण फुगणाऱ्या मातीत ऋतूनुसार ओल-सुकीची हालचाल त्याच्या बरीच खालपर्यंत जाते. त्यामुळे “आता पाया उथळ चालेल” असं कुणी सांगत असेल तर त्याला तिथूनच परत पाठवा. आम्हालाही हे सांगितलं होतं. खांबांचे पाये आमच्या इंजिनिअरने हट्टाने खोल ठेवले, म्हणून आज छप्पर जागेवर आहे.

ज्यांचं काम अजून व्हायचं आहे त्यांनी पोत्यांचा हिशेब करारातच टाकावा, किलो प्रति चौरस मीटर असा, आणि रिकामी पोती मोजल्याशिवाय बिल देऊ नये. मिसळणीआधी जमिनीवर ठरावीक मापाचा ताडपत्रीचा तुकडा अंथरून, चुना पसरल्यावर तो उचलून वजन करता येतं, पाच मिनिटांचं काम आहे. दबाईनंतर वाळू भरून घनता मोजायची चाचणी तुमच्या समोर आणि तुम्ही दाखवाल त्या जागी व्हावी, त्यांच्या पसंतीच्या कोपऱ्यात नाही. प्रयोगशाळेचं बिल तुमच्या नावावर असावं, कंत्राटदाराच्या नाही. आणि उरलेलं एक पोतं, तोंड शिवून, तारीख घालून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन कोरड्या जागी ठेवा. आमच्याकडे पोतं होतं, सह्या नव्हत्या. त्यांचा वकील आता म्हणतो, ते पोतं आमचं कशावरून.