कॅल्कच्या मॅक्रोने भरतीचे वक्र सरकवताना: सहा महिन्यांच्या वापरानंतर

गणपती झाल्यावर आम्ही रत्नागिरीच्या भाट्याच्या खाडीत पाण्याची पातळी मोजणारे दोन सेन्सर लावले, एक मुखाशी आणि एक बराच आत. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला ९६ आणि तीस दिवसांच्या महिन्याला २८८० ओळी. भरती मुखापासून आत पोचायला किती वेळ घेते हे पाहायचं, तर दोन्ही वक्र एकमेकांवर बसेपर्यंत सरकवावे लागतात. त्यासाठी लिबरऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये मॅक्रो लिहिला, म्हणजे तीच ती कामं आपोआप करणारा, बेसिक भाषेतला छोटा प्रोग्रॅम. आता शिमगा आला, आणि त्याच्याशिवाय माझं पान हलत नाही.

सुरुवातीला मॅक्रो रेकॉर्ड करून पाहिला. त्यात माझ्या क्लिकसोबत सेलचे पत्तेही पक्के होऊन बसले, पुढच्या महिन्याच्या फाइलला निरुपयोगी. मग हाताने लिहिला. एकेक सेल वाचून त्यात सरकवण्याचा आकडा मिळवणारा लूप (तीच कृती ओळीओळीला करणारा भाग) फार रेंगाळायचा. गेटडेटाअ‍ॅरेने अख्खा रकाना एकदम उचलायचा, बेरीज करायची आणि सेटडेटाअ‍ॅरेने एकदम ठेवायचा, हे केल्यावर काम झटक्यात होऊ लागलं. एक सांभाळा: रिकामा सेल इथे शून्य म्हणून येत नाही, रिकामा मजकूर म्हणून येतो. आकडा आहे का हे तपासूनच बेरीज करा.

कॅल्कला एक दिवस म्हणजे १. त्यामुळे दहा मिनिटं म्हणजे १० भागिले १४४०, आणि साडेपाच तास म्हणजे सुमारे ०.२२९२. आलेख मात्र एक्स-वाय प्रकारचाच घ्या. साध्या रेषालेखात वेळेचा रकाना नुसता नावांसारखा धरला जातो. मी आकडे बदलत राहिलो आणि वक्र जागचा हलेना, यात एक संध्याकाळ गेली.

सगळ्यात मोठी चूक ऑक्टोबरात झाली. सेन्सर जागतिक वेळ नोंदवतो, म्हणून मॅक्रो साडेपाच तास मिळवतो. तो मूळ रकान्यातच लिहीत होता आणि माझ्याकडून दोनदा चालवला गेला. काहीच बिघडल्यासारखं दिसलं नाही, वक्र तसाच गुळगुळीत. शेजारचे काका आयुष्यभर मासेमारी केलेले. त्यांना प्रिंट दाखवली, तर पौर्णिमेच्या दिवसावर बोट ठेवून म्हणाले, "पुनवेला संध्याकाळी पाचला भरती? तेव्हा तर खाडी सुकते." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा इकडचा जुना हिशोब. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. माझं टोक त्याच्या साडेपाच तास पुढे होतं, म्हणजे जवळजवळ ओहोटीवर, कारण दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं.

त्या दिवसापासून मूळ रकान्याला मॅक्रोचा हात लागत नाही. सरकवण्याचा आकडा एका वेगळ्या सेलमध्ये, मूळ नोंदी त्यांच्या जागी, बेरीज नव्या रकान्यात. मॅक्रो दहादा चालवा, उत्तर तेच. ही एक शिस्त पहिल्या दिवशी लावली असती तर महिनाभराचे आलेख पुन्हा काढावे लागले नसते.

वर-खाली सरकवणं त्या मानाने सोपं. सेन्सरवर शेवाळ आणि शिंपल्यांचा थर चढतो. साफ करून परत बसवला की तो दोन-चार सेंटीमीटर इकडेतिकडे होतो आणि वक्रात पायरी पडते. मॅक्रोला त्या तारखेपासून पुढच्याच ओळी सरकवायला सांगायचं.

एकाच वक्राचं काम असेल तर मॅक्रोच्या वाटेला जाऊ नका, साधं सूत्र पुरतं. मॅक्रो फाइलमध्ये न ठेवता लिबरऑफिसच्या 'माय मॅक्रोज' या कप्प्यात ठेवलात तर प्रत्येक फाइलला सुरक्षेची अडचण येत नाही. पण तो त्याच संगणकावर राहतो, नक्कल वेगळी जपा.

आता अडलंय ते खाडीपाशी. मुखाची आणि आतली भरतीची टोकं जुळवली की ओहोटीची टोकं जुळत नाहीत. उथळ पाण्यात लाट हळू चालते, त्यामुळे ओहोटी आत पोचायला भरतीपेक्षा जास्त वेळ घेते. उधाणाला (पुनव-अवसेच्या मोठ्या भरतीला) हा फरक डोळ्यांना दिसतो, भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) कमी. म्हणून गेल्या आठवड्यात सरकवण्याच्या आकड्यासाठी एकाच्या जागी दोन सेल केले: एक भरतीच्या टोकांसाठी, एक ओहोटीच्या.