गर्दावरची फुकटची खिडकी: सरकारी ओएसटी आणि एटीएफ सेवा कशी आहे?

पोरगा गर्द, म्हणजे ब्राउन शुगर किंवा हेरॉइन, ओढतोय हे कळलं की बरीच घरं एकच वाट धरतात. कुणीतरी नंबर देतं, रात्री गाडी येते, चारजण त्याला उचलून नेतात. महिन्याने तो परत येतो. अंग भरलेलं, चेहरा तुकतुकीत. पंधरवड्यात पुन्हा पन्नी आणि लायटर. तेवढ्यात घरावर कर्ज चढलेलं असतं. त्याच शहरातल्या सरकारी रुग्णालयात या आजारावरचं सगळ्यात भरवशाचं औषध, बुप्रेनॉर्फिन, रोज फुकट मिळत असतं, पण तिथे जा असं सांगणारं कुणी भेटत नाही.

या खिडक्या दोन प्रकारच्या आहेत. ओएसटी म्हणजे नशेच्या जागी रोज डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध देण्याचे उपचार; ही केंद्रं राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची. ती मुळात सुईने नशा घेणाऱ्यांसाठी उघडली, कारण एकच सुई फिरली की एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी पसरतो. एटीएफ म्हणजे सामाजिक न्याय मंत्रालयाच्या पैशांवर सरकारी रुग्णालयांत चालणारे उपचार विभाग. त्यांना तांत्रिक मार्गदर्शन दिल्लीच्या एम्सच्या गाझियाबादमधल्या केंद्राचं. तिथे ओढणारे, गिळणारे, टोचणारे सगळेच येऊ शकतात. नशा गर्दाचीच असते असंही नाही. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हेरॉइन घेणारे १.१४ टक्के निघाले, तर औषधांच्या दुकानातली अफूवर्गीय औषधं नशेसाठी घेणारे ०.९६ टक्के. म्हणजे खोकल्याचं कोडीनवालं सिरप आणि ट्रामाडोल या वेदनाशामकाच्या गोळ्या जवळपास बरोबरीने चालतात. या आजाराचे निम्म्याहून जास्त रुग्ण ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्र आहे.

खिडकी शोधायची कशी? १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन, फोन मोफत. ‘व्यसनमुक्ती केंद्र सांगा’ एवढंच म्हणालात तर बहुधा निवासी केंद्रांचीच नावं मिळतील, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी भर दारूवर असतो. प्रश्न नेमका विचारा: ‘बुप्रेनॉर्फिन देणारं ओएसटी किंवा एटीएफ जवळ कुठे आहे?’ टोचून घेणारा असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर विचारा, किंवा थेट जिल्हा रुग्णालयातलं एड्स नियंत्रण पथकाचं कार्यालय गाठा. मुंबईत हे काम मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्थेकडे आहे. शिफारशीची चिठ्ठी लागत नाही. आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट असतील तर बरोबर घ्या. काहीच नसेल तरी आधी डॉक्टरांना दाखवा, कागद मागून होतात.

सेवेचा सगळा कस पहिल्या दिवशी लागतो, आणि घरच्यांची घाई नडते तीही तेव्हाच. बुप्रेनॉर्फिन मेंदूतली अफूची जागा घट्ट धरतं, तिथे आधी बसलेल्या गर्दाला हुसकावून लावतं आणि स्वतः मात्र अर्धाच असर देतं. सकाळी ओढून आलेल्या माणसाला अकरा वाजता गोळी दिली तर तासाभरात टर्की लागते, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास सुरू होतो, तोही नेहमीपेक्षा जोरात. उलट्या, जुलाब, अंगाला पीळ. घरचे म्हणतात, औषधानेच बिघडवलं, आणि पुन्हा फिरकत नाहीत. म्हणून शेवटचा झुरका आणि पहिली गोळी यांत निदान बारा तास हवेत. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, मोठ्या झालेल्या बाहुल्या: एवढं दिसायला लागलं की वेळ बरोबर आहे. शेवटचं कधी घेतलं हे पेशंटने खरं सांगायला हवं, आणि आई समोर बसली असेल तर तो सांगत नाही. बाहेर थांबा.

सुरुवात २ ते ४ मिलिग्रॅमने होते. तासा-दोन तासांनी बघून गरजेप्रमाणे आणखी देतात. पुढच्या आठवड्याभरात बरेच जण ८ ते १६ मिलिग्रॅमच्या दरम्यान स्थिरावतात. या सेवेबद्दलची आमची मोठी तक्रार इथेच आहे. काही ठिकाणी हात इतका आखडता असतो की पेशंट आठवडेच्या आठवडे २ मिलिग्रॅमवर अडकून राहतो. त्याची टर्की निम्मीच थांबते, उरलेली तो संध्याकाळी पुडीने भागवतो, आणि ‘गोळी खाऊनही ओढतोच’ हा शिक्का त्याच्यावर बसतो. पहाटे जाग येऊन अंग दुखत असेल तर ते डॉक्टरांना तसंच सांगा आणि डोस वाढवून मागा. असं मागणं म्हणजे लोभ नव्हे.

गोळी देण्याची पद्धत बघण्यासारखी असते. नर्स गोळ्या कुटून पूड करते आणि पेशंटच्या जिभेखाली टाकते. तो बाकावर तोंड मिटून पाच-दहा मिनिटं बसतो. मग जीभ वर करून दाखवायची, पूड विरघळलेली दिसली की सही करून मोकळा. कुटायचं कारण असं की अख्खी गोळी गालात दडवून बाहेर विकता येते. गिळली तर फुकट जाते, कारण पोटातून गेलेलं औषध यकृत बरंचसं संपवून टाकतं. तोंडात मावा किंवा गुटखा असेल तर आधी थुंकून चूळ भरायची. तोंड कोरडं असेल तर घोटभर पाणी आधीच प्यायचं. गोळी विरघळल्यावर थोडं पाणी तोंडात खळबळवून गिळायचं आणि पुढचा तासभर ब्रश करायचा नाही. नाहीतर दातांची नासाडी होते. बद्धकोष्ठ आणि घाम हे दोन त्रास बऱ्याच जणांना होतात. इसबगोल चालतं.

डॉक्टरांपासून लपवू नये अशी गोष्ट म्हणजे ‘बटण’, म्हणजे झोपेच्या गोळ्या, आणि दारू. बुप्रेनॉर्फिन एकटं बऱ्यापैकी सुरक्षित आहे. यांच्या जोडीला मात्र श्वास मंदावतो. पण बटण एकदम तोडायचंही नाही, डॉक्टर ते हळूहळू उतरवतात. ट्रामाडोलचे मोठे डोस घेणाऱ्याला फिट येऊ शकते, तेही सांगावं. बाई गरोदर असेल तर घरीच सगळं बंद करण्याचा अघोरी उपाय नको. अचानक टर्की लागली तर पोटातल्या बाळाला धोका असतो, आणि तिच्यासाठीही हेच उपचार आहेत.

‘एक नशा सोडून दुसरी लावली’ हा आक्षेप हमखास येतो, कधी कधी डॉक्टरांकडूनही. योग्य डोसवरचा माणूस झिंगत नाही. तो कामावर जातो, उधारी फेडतो, आणि दिवसाला चार वेळा पुडी शोधत फिरत नाही. गोळी किती दिवस? वर्षभर धरून चला, बऱ्याच जणांना त्याहून जास्त. तीन महिन्यांत तब्येत सुधारली म्हणून घरचेच ‘आता बंद कर’ म्हणतात, आणि घसरण तिथूनच सुरू होते.

नुसती टर्की काढून घरी पाठवण्यात जिवाचा धोका आहे. गर्दाची टर्की ८-१२ तासांत सुरू होते, दोन-तीन दिवस कळस गाठते आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरते. तेवढ्यात शरीराची सवय मोडलेली असते. मग एक दिवस तो जुन्याच हिशोबाने पुडी ओढतो, आणि ती आता त्याला झेपत नाही. कोंडून ठेवलेल्या खोलीतून, निवासी केंद्रातून आणि तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले आठवडे म्हणूनच सगळ्यात घातक. ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घोरल्यासारखा तुटक श्वास दिसला तर १०८ लावा, कुशीवर वळवा, श्वास थांबला असेल तर तोंडाने द्या. नॅलोक्सोनचं इंजेक्शन यावर उतारा आहे. त्याचा असर अर्ध्या-दीड तासात उतरतो, म्हणून शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यायचंच.

मग निवासी केंद्र नकोच का? हवं, पण घरात राहून जमत नसेल तेव्हा, आणि नीट पारखून. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये गर्दाच्या लाटेतच उभं राहिलं, आणि बायकोलाही मदत लागते हे त्यांनी फार लवकर ओळखलं. नाव न ऐकलेलं केंद्र असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखालचं नोंदणीपत्र दाखवा म्हणा. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यात किती दिवस येतात, कोणती औषधं देतात, भेट कधी देतात, हे लेखी घ्या. साखळीने बांधणं या कायद्याने बंद आहे. ‘उचलून आणतो’ अशी जाहिरात करणारा फोन तिथेच ठेवून द्या.

घरच्यांसाठी मात्र सरकारी खिडकी कमी पडते. समुपदेशक असतो, पण त्याच्यापुढे रांग असते आणि बायकोशी बोलायला वेळ उरत नाही. नार-अनॉन हे गर्दवाल्यांच्या नातेवाइकांचे गट. त्यांत फी नाही, मुंबई-पुण्यात सभा होतात. काही कामं घरीच करायची असतात. पुडीवाल्याची उधारी फेडू नका. रोख पैसे आणि फोनमधलं पेमेंट काही महिने दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा. पगार थेट बायकोच्या खात्यात जमा होईल असं त्याच्याच तोंडून ठरवून घ्या. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल, तर एनडीपीएस या अमली पदार्थांविषयीच्या कायद्याच्या ६४अ कलमात त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतलं जाऊ शकतं.

शेवटची अडचण रोजच्या फेरीची. खिडकी बहुधा सकाळच्या ठरावीक तासांतच उघडी असते, आणि शिफ्टवाल्याची, रिक्षावाल्याची कमाई त्यात बुडते. घडी बसलेल्या पेशंटला काही दिवसांच्या गोळ्या घरी देण्याची सोय आहे, ती मागा. गणपतीला गावी जायचं असेल तर आठवडाभर आधी सांगा. आदल्या दिवशी सांगितलं तर मिळेलच असं नाही. घरी आणलेल्या गोळ्या कुलपात ठेवा. मोठ्याला झेपणारी एक गोळी लहान मुलाचा श्वास थांबवू शकते. चार-पाच दिवस खाडा झाला तर जुना डोस आपल्या मनाने घेऊ नका, पुन्हा खिडकीवर जा. तिथे कमी डोसपासून नव्याने सुरू करतात, आणि खाडा झाला म्हणून नाव कापत नाहीत.